साधी की भारीतली? एका बसलेल्या बॅटरीचा इतिहास

परवाचीच गोष्ट. सकाळचे सव्वासहा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, सातला हॉस्पिटलात पोचायचं होतं. बाबा तासभर आधीच तयार होऊन, हातात फाइल घेऊन सोफ्यावर बसलेले. मी खाली पार्किंगमध्ये गेलो, किल्ली फिरवली आणि... टक् टक् टक्. डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले, मग गेलेच. वॉचमन आणि पेपरवाला अशा दोघांनी मिळून धक्का मारून पाहिला. बेसमेंटच्या चढावर काय होणार? शेवटी रिक्षा. वीस मिनिटं उशीर झाला, पण ऑपरेशन छान पार पडलं. रिक्षात बाबा एकच वाक्य बोलले, "अरे, माझी पद्मिनी अशी कधी अडली नाही." ते जास्त लागलं.

दुपारी बॅटरीवाल्याकडे गेलो. त्याने दोन बॅटऱ्या काउंटरवर ठेवल्या. "साहेब, साधी टाकू की भारीतली?" दोन्ही ३५ अँपिअर-अवरच्या, आकार तोच. पण भारीतली एजीएम प्रकारची आणि किंमत जवळपास दुप्पट. "भारीतली टाका, पाच वर्षं बॉनेट उघडायला नको." बायको फोनवर म्हणाली, "अरे, घेऊन टाक ना, परत असं नको व्हायला." मुद्दा रास्त होता. पण आपण पडलो सॉफ्टवेअरवाले! बग सापडल्याशिवाय नुसता सर्व्हर बदलायचा हे मनाला पटत नाही. म्हटलं, आजच्या दिवस हीच चार्ज करून दे, बघतो. आणि मग दोन वीकेंड वाचत बसलो. गंमत म्हणजे 'साधी की भारीतली' हा प्रश्न चांगला शंभर वर्षांहून जुना निघाला.

आपल्या गाडीत जी लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते ती १८५९ साली गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने बनवली. शिशाचे दोन पत्रे, मध्ये अंतर राखायला पट्ट्या, सगळ्याची सुरळी करून सौम्य गंधकाम्लात बुडवायची. झाली बॅटरी! पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही पहिलीच. अडचण अशी की पत्र्यांची नीट क्षमता यायला त्या महिनोन्‌महिने चार्ज-डिस्चार्ज कराव्या लागत. १८८१ च्या सुमारास कामिय फोरने त्यावर तोडगा काढला. पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लगदाच थापायचा. लवकरच सपाट पत्र्याऐवजी जाळी आली, आणि ती मजबूत व्हावी म्हणून शिशात अँटिमनी मिसळायला लागले. आजची साधी बॅटरी तत्त्वतः तीच आहे. नात नव्हे, मुलगीच म्हणा.

आणि पहिला धडा इथेच मिळतो. पातळ आणि भरपूर प्लेटा घातल्या की आम्लाशी संपर्क वाढतो, त्यामुळे एका झटक्यात प्रचंड करंट मिळतो. पण पातळ प्लेट लवकर झिजते. जाड प्लेट टिकते, पण झटका कमी देते. म्हणजे 'चांगली बॅटरी' अशी काही वस्तूच नसते. कशासाठी चांगली, हे आधी सांगावं लागतं.

हे न विचारल्यामुळे पोळलेला माणूस कोण असेल? खुद्द थॉमस एडिसन!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या मोटारी बऱ्याच होत्या. आवाज नाही, धूर नाही, हँडल मारायची भानगड नाही. पण त्यांच्या पोटात शिशाची जड बॅटरी. एडिसनला शिसं अजिबात पसंत नव्हतं. जड, आम्लाने खाल्लं जाणारं, काही वर्षांत मरणारं. १९०१ साली त्याने निकेल-लोखंडाच्या बॅटरीचं पेटंट घेतलं. आत आम्लाऐवजी पोटॅशचं अल्कधर्मी द्रावण. त्याचं स्वप्न होतं गाडीपेक्षा जास्त टिकणाऱ्या बॅटरीचं. १९०३ च्या सुमारास ती बाजारात आली, आणि डबे गळायला लागले, क्षमता कमी व्हायला लागली. एडिसनने विक्री थांबवली, बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. (आजच्या भाषेत, व्हर्जन १.० रोलबॅक केलं. आपल्यातले किती जण करतात? :)) सुधारलेली बॅटरी यायला १९१० उजाडलं.

आणि ही बॅटरी खरोखरच उत्तम होती. पूर्ण उतरवा, जास्त चार्ज करा, महिनोन्‌महिने तशीच टाकून द्या, ती तक्रार करायची नाही. डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाच्या मोटारीत १९११ ते १९१६ या काळात गिऱ्हाइकाला निवड होती. नेहमीची शिशाची बॅटरी घ्या, किंवा ६०० डॉलर जादा देऊन एडिसनची घ्या. ६०० डॉलर म्हणजे किती? १९१६ साली फोर्डची अख्खी मॉडेल टी ४०० डॉलरच्या आत मिळत होती! भारीतल्या बॅटरीच्या नुसत्या फरकात दीड गाडी.

मग शर्यत एडिसन का हरला? निव्वळ किंमत हे कारण नाही. मधल्या काळात प्रश्नच बदलला. चार्ल्स केटरिंगने पेट्रोलच्या गाडीसाठी इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो आला. हँडल मारायचं काम संपलं, आणि विजेच्या गाडीचा सगळ्यात मोठा फायदाही संपला. आता बॅटरीने गाडी तासन्‌तास ओढायची नव्हती, तर दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअरचा झटका देऊन गप्प बसायचं होतं. या कामाला एडिसनची बॅटरी कच्ची. तिचा अंतर्गत रोध जास्त, थंडीत ती पारच मरगळायची, आणि एका सेलचे जेमतेम १.२ व्होल्ट. शिशाच्या सेलचे २. एडिसन दहा वर्षं घासून ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होता, तो प्रश्न बाजारातून उठून गेला होता. आपल्या धंद्यात हे दर दोन वर्षांनी होतं, त्यामुळे वाचताना अंगावर काटा आला.

एडिसनची बॅटरी मेली मात्र नाही. रेल्वेचे सिग्नल, खाणीतली इंजिनं, डब्यातले दिवे, जिथे टिकाऊपणा महत्त्वाचा तिथे ती अनेक दशकं चालली. शेवटी १९७२ मध्ये तो धंदा एक्साइडने, म्हणजे शिशाच्या बॅटरीवाल्यांनीच, विकत घेतला आणि १९७५ मध्ये उत्पादन बंद केलं. (ही अमेरिकेतली एक्साइड. आपल्या चिंचवडला १९६९ पासून कारखाना असलेली भारतातली एक्साइड ही वेगळी कंपनी.)

आता दुसरी गोष्ट. ही मला जास्त आवडली, कारण यात बॅटरीपेक्षा माणसं जास्त आहेत.

१९४० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात जेस रिची नावाच्या माणसाने एडी-एक्स२ नावाची पावडर विकायला काढली. साध्या बॅटरीत टाका, मेलेली बॅटरी उठून बसेल! आत काय, तर मुख्यतः सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेट्स. म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारी क्षारं. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने पावडर टाकलेल्या आणि न टाकलेल्या बॅटऱ्या शेजारीशेजारी ठेवून तपासल्या. काहीही फरक नाही. पण रिचीकडे समाधानी गिऱ्हाइकांच्या पत्रांची थप्पी होती, आणि ती पत्रं खोटी नव्हती. प्रकरण सिनेटपर्यंत गेलं. १९५३ मध्ये नवे वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांचं म्हणणं पडलं की ब्यूरोने बाजाराचा कौल लक्षात घेतला नाही. लोक विकत घेतायत, खूश आहेत, मग चांगलीच असणार! ब्यूरोचे संचालक अ‍ॅलन अ‍ॅस्टिन यांचा राजीनामा मागितला गेला.

शास्त्रज्ञांमध्ये एकच गदारोळ झाला. ब्यूरोतल्या शेकडो लोकांनी राजीनाम्याची तयारी दाखवली. मंत्र्यांना माघार घ्यावी लागली आणि त्याच वर्षी अ‍ॅस्टिन यांना कायम ठेवण्यात आलं. नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने सगळं तपासून ब्यूरोच्या बाजूने निकाल दिला. पावडर निरुपयोगी.

मग ती समाधानी गिऱ्हाइकं? खरी मेख इथे आहे. पावडरीसोबत सूचना असायच्या, पाणी भरा, बॅटरी सावकाश, बराच वेळ चार्ज करा. आणि दुर्लक्षाने सल्फेट धरलेली बॅटरी सावकाश चार्ज केली, तर ती पावडर न टाकताही बऱ्याचदा सुधारते! म्हणजे सुधारणा खरी होती, श्रेय चुकीच्या खात्यावर जमा होत होतं. भारीतली बॅटरी घेणारा माणूसही असाच. तो टर्मिनल साफ करून घेतो, अल्टरनेटर तपासून घेतो, चार हजार जास्त घातलेत म्हणून काळजी घेतो. पाच वर्षं टिकली की म्हणतो, बघा, पैसे वसूल!

याचा अर्थ भारीतलं सगळं थोतांड असतं असा मुळीच नाही. जाळीतल्या अँटिमनीमुळे पाणी आटतं, म्हणून तर बाबांच्या पिढीला दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे. अँटिमनीऐवजी चिमूटभर कॅल्शियम वापरायची कल्पना १९३५ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधून, टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांसाठी आली. १९७० च्या दशकात ती मोटारीत पोचली आणि 'मेन्टेनन्स फ्री' बॅटरी जन्मली. तेव्हा ती भारीतली होती, आज दुकानातली साधी बॅटरी बहुधा तीच असते. एजीएम म्हणजे आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषून घेतलेली बॅटरी. तिची मुळं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. ती वारंवार खोल उतरणं सहन करते, हादरे सहन करते, सांडत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांना तिची किंवा तिच्या धाकट्या बहिणीची, ईएफबीची, खरंच गरज असते. तुमच्या गाडीत कंपनीनेच ती बसवली असेल, तर तिथे साधी टाकून पैसे वाचवू नका.

पण माझी गाडी तशी नाही. मग माझा बग काय होता? हिशोब मांडला. गाडी बंद असतानाही अलार्म, कंप्युटर, घड्याळ मिळून समजा ४० मिलिअँपिअर ओढतात. दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर. गाडी तीन आठवडे जागची हलली नव्हती (मी कंपनीच्या बसने जातो). म्हणजे वीसेक अँपिअर-अवर गेले, ३५ पैकी! त्याआधीच्या फेऱ्या कोपऱ्यावरच्या भाजीपर्यंत, त्यात काय डोंबलाचं चार्ज होणार? भारीतलीही ३५ चीच होती. तीही तितकीच उतरली असती. फार तर त्यातून सावरली बरी असती. शिवाय उष्णता. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे बॅटरीला थंडीपेक्षा उन्हाळाच मारतो, आणि त्यापुढे साध्या-भारीचा फरक बराच पुसला जातो.

तर शेवटी मी साधीच घेतली. दोन गोष्टी मात्र बघून घेतल्या. एक, बनवल्याची तारीख ताजी आहे ना, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरी तिथेच म्हातारी होते. दुसरी, वॉरंटी. '२४ + २४ महिने' म्हणजे चार वर्षं नव्हेत हो! पहिले २४ महिने फुकट बदलून, पुढचे २४ नव्या बॅटरीवर फक्त घटती सूट. किंमत वॉरंटीच्या पहिल्या आकड्याने भागा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. उरलेल्या पैशांतून एक छोटा चार्जर आणला.

रात्री हे सगळं बाबांना सांगितलं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाले, "अरे, पण मी दर रविवारी सकाळी पद्मिनी काढून तुम्हाला तळ्यातल्या गणपतीला कशाला न्यायचो, असं वाटलं तुला?"

मला आत्तापर्यंत वाटत होतं, गणपतीसाठी.

असो. उद्या रविवार आहे. बाबांना आता पट्टी नाही, आणि सारसबागेत जायचं ठरलंय. गाडीने.