नंदादेवी: भारतातल्या या शिखरावर १९८३ पासून चढाई बंद का आहे?

भारतातलं सर्वांत उंच शिखर कोणतं? उत्तर येतं कांचनजंगा. पण ते भारत-नेपाळ सीमेवर आहे. पाकव्याप्त काश्मीरमधली शिखरं वगळली, तर पूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर म्हणजे उत्तराखंडमधलं नंदादेवी. उंची ७,८१६ मीटर. गढवाल आणि कुमाऊँमध्ये नंदादेवी ही लेक मानली जाते, आणि कुलदैवतही.

डोंगरांची तटबंदी

एखाद्या किल्ल्याला तटबंदी असावी, तसं नंदादेवीभोवती शिखरांचं कडं आहे. त्रिशूल, दुनागिरी, चांगाबांग ही त्यातलीच काही शिखरं. कड्याच्या आतल्या हिमनद्या वितळून ऋषिगंगा तयार होते. या तटबंदीला दरवाजा एकच, तो म्हणजे ऋषिगंगेची अरुंद, खोल घळ. पुढे रैणी गावाजवळ ही नदी धौलीगंगेला मिळते आणि धौलीगंगा अलकनंदेला.

भारतीय भूखंड युरेशियाला धडकला आणि हिमालय उभा राहिला. या टकरीत जमिनीत खोलवर उष्णता आणि दाबामुळे बदललेले खडक वर ढकलले गेले. नंदादेवीच्या परिसरात नीस, शिस्ट असे हेच खडक आहेत. हिमनद्यांनी आणि नदीने ते कोरून काढले, म्हणून इथले उतार इतके उभे आहेत.

आधी पोहोचणंच कठीण

अनेक प्रयत्न फसल्यावर १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक तीन शेर्पांसोबत घळ पार करून आत पोहोचले. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि नोएल ओडेल यांनी शिखर गाठलं. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसाने चढलेलं हे सर्वांत उंच शिखर होतं.

हरवलेलं अणुयंत्र

१९६४ मध्ये चीनने अणुचाचणी केली. चीनच्या हालचालींवर नजर ठेवण्यासाठी १९६५ मध्ये सीआयए आणि भारतीय गुप्तचर यंत्रणेने नंदादेवीवर प्लुटोनियमवर चालणारं उपकरण बसवायचं ठरवलं. हवामान बिघडल्याने गिर्यारोहक ते वाटेतच बांधून खाली आले. पुढच्या वर्षी परत गेले, तर उपकरण जागेवर नव्हतं. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत ही मोहीम मान्य केली. ते उपकरण अजूनही सापडलेलं नाही.

मग बंदी का?

बंदीचं अधिकृत कारण मात्र पर्यावरण. १९७४ मध्ये हा भाग परदेशी गिर्यारोहकांसाठी खुला झाला आणि मोहिमा वाढल्या. त्याबरोबर कचरा, सरपणासाठी झाडतोड आणि शिकारही वाढली. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं आणि १९८३ पासून आतला भाग बंद झाला. १९८८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. कड्यावरच्या नंदादेवी पूर्व (७,४३४ मीटर) या जोडशिखराकडे मात्र बाहेरच्या, पिथौरागढच्या बाजूने मोहिमा गेल्या आहेत.

बंदीचा फटका पायथ्याच्या गावांना बसला. हमाली, वाटाड्याचं काम आणि आतली कुरणं, सगळंच गेलं. रैणी हे त्यातलंच एक गाव. याच गावात १९७४ मध्ये गौरा देवी आणि इतर महिलांनी झाडांना कवटाळून जंगलतोड थांबवली होती.

२०२१ चा पूर

७ फेब्रुवारी २०२१ रोजी याच भागातल्या रोंती शिखरावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला. तो ढिगारा ऋषिगंगेतून खाली आला. २०० हून अधिक लोकांचा मृत्यू झाला किंवा ते बेपत्ता झाले, दोन जलविद्युत प्रकल्पांची वाताहत झाली. हरवलेल्या अणुयंत्राचाच स्फोट झाला असावा, अशी शंका रैणीत बोलून दाखवली गेली. शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांवरून कडा कोसळल्याचं दाखवून दिलं. पण यंत्राचा पत्ता लागलेला नसल्याने गावकऱ्यांच्या मनातली भीती गेलेली नाही.