काशीच्या सभा आणि दूरचा आवाज

सभा हा जसा बोलणाऱ्यांचा, तसाच ऐकणाऱ्यांचाही मेळा होय. वक्त्याचे वचन श्रोत्यापर्यंत अखंड पोहोचले नाही, तर निर्णय युक्तिवादावर न होता कोलाहलावर होतो. काशीच्या अर्वाचीन इतिहासात याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

१६ नोव्हेंबर १८६९ रोजी आनंदबागेत, काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्यासमक्ष, मूर्तिपूजेला वेदांचा आधार आहे काय, या प्रश्नावर स्वामी दयानंद सरस्वती व काशीचे पंडित यांचा शास्त्रार्थ झाला. पंडितांच्या बाजूस स्वामी विशुद्धानंद होते, तसेच महाराष्ट्रीय विद्वान बाळशास्त्री रानडेही होते. हजारोंचा समुदाय लोटला होता. आर्यसमाजाच्या वृत्तान्तानुसार सायंकाळी स्वामींच्या हाती काही लिखित पाने देण्यात आली आणि ती वाचून होण्यापूर्वीच जयघोष करीत सभा उठली. विजय दोन्ही पक्षांनी आपलाच मानला. दूर उभ्या असलेल्या श्रोत्याला मूळ वाक्ये कितपत ऐकू आली असतील, याची कल्पना करता येते.

दुसरी सभा १९१६ ची. ४ फेब्रुवारीस लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली आणि ६ तारखेस गांधीजी बोलावयास उभे राहिले. व्यासपीठावरून अ‍ॅनी बेझंट यांनी त्यांना थांबण्यास सांगितले. सभेतून ‘बोलू द्या’ असा आग्रह झाला. शेवटी भाषण अपुरेच राहिले. विद्युत ध्वनिवर्धकाचा जाहीर प्रयोग अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९१५ च्या डिसेंबरात, म्हणजे जेमतेम दीड महिन्यापूर्वी, झाला होता.

ध्वनिवर्धकाने आवाज मोठा केला. पण दोन गावच्या माणसांनी एकच सभा भरवावी, तर नवी अडचण उभी राहते. दूरच्या वक्त्याचा आवाज येथील कर्ण्यातून निघतो, येथील मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि त्याचा त्यालाच परत ऐकू येतो. १९६५ साली ‘अर्ली बर्ड’ उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिरावला. त्याच्या मार्गाने गेलेला प्रतिध्वनी परतण्यास अर्धा सेकंद लागे. अशा प्रतिध्वनीमुळे बोलणारा अडखळतो. १९६७ साली बेल प्रयोगशाळेतील भारतीय शास्त्रज्ञ मनमोहन सोंधी यांनी, आलेला आवाज नमुना म्हणून धरून त्याचा प्रतिध्वनी अजमावणारी व तो वजा करणारी पद्धत मांडली. आजच्या अंकीय ध्वनि-परिषद यंत्राचा पाया हाच होय.

या यंत्राच्या जोडणीतही तेच तत्त्व पाळावे लागते. मायक्रोफोनची तार तीन वाहकांची असते. दोहोंतून तोच आवाज उलटसुलट दिशेने जातो, तिसरे आवरण होय. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्ही वाहकांत सारखीच असल्यामुळे शेवटी वजाबाकीत नाहीशी होते. संघनित्र जातीच्या मायक्रोफोनला त्याच तारेतून बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा करतात. दूरच्या सभेचा आवाज कर्ण्याकडे जातो आणि नमुना म्हणून प्रतिध्वनि-निवारकालाही द्यावा लागतो. त्या नमुन्यात येथील वक्त्याचा आवाज मिसळला, तर यंत्र त्यालाच प्रतिध्वनी समजून पुसू लागते. तसेच दूरच्या सभेकडे परत जाणाऱ्या मिश्रणात तिचा स्वतःचा आवाज घालावयाचा नसतो.

शिवाय जे मायक्रोफोन स्वस्थ आहेत, त्यांचा जोर यंत्र आपोआप उतरवते आणि बोलणाऱ्याचा मार्ग मोकळा ठेवते. येथेच जुना प्रश्न पुन्हा येतो. अध्यक्षाच्या मायक्रोफोनला अग्रक्रम देण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. तो बोलू लागला की इतरांचा आवाज दबतो. सभा आवरण्यास ही सोय उपयोगी आहे, आणि न रुचणारा वक्ता थांबविण्यासही तितकीच. १८६९ ची गर्दी व १९१६ चे व्यासपीठ यांनी जे उघडपणे केले, ते आज एका कळीने निमूटपणे होऊ शकते. म्हणून ती कळ कोणाच्या हाती असावी, हे जोडणी करणाऱ्याने एकट्याने न ठरविता सभेने आधी ठरवावे, हेच उचित.