कर्मसिद्धांत
केलेल्या कर्माचे बरेवाईट फळ कर्त्याला या जन्मी वा पुढील जन्मी भोगावेच लागते आणि आजची त्याची स्थिती ही त्याच्या पूर्वकर्माचेच फळ असते, अशी भारतीय विचारपरंपरेतील उपपत्ती. ही दोन विधाने एकत्र उच्चारली जात असली, तरी ती एकच नव्हेत. पहिले भविष्याविषयीचे असून ते कर्त्याला सावध करते. दुसरे भूतकाळाविषयीचे असून ते दुःखिताच्या दुःखाचा दोष त्याच्याच माथी ठेवते. सिद्धांताच्या इतिहासातील खरे वाद या दुसऱ्या विधानाभोवती झालेले दिसतात.

ऋग्वेदात पुढे रूढ झालेल्या अर्थाने कर्मसिद्धांत आढळत नाही. तेथे विश्वाची सुव्यवस्था ‘ऋत’ या संकल्पनेने व्यक्त होते. उषेचे नियमित आगमन, नद्यांचे वाहणे, यज्ञाचा क्रम आणि माणसाचे सत्याचरण ही सर्व ऋतातच मोडतात. अवेस्तातील ‘अष’ हा त्याचाच सगोत्र शब्द होय. ऋताचा रक्षक वरुण अपराध्याला पाशांनी बांधतो. पण विनवणीने द्रवून त्याला सोडवतोही. परतफेडीची कल्पना स्पष्ट होते ती शतपथ ब्राह्मणातील भृगूच्या कथेत. परलोकी गेलेल्या भृगूला माणसे माणसांना तोडून खाताना दिसतात. या लोकी आम्हाला असेच वागवले गेले, असे ती सांगतात. मात्र यातून सुटण्याचा जो उपाय वरुण सांगतो, तो सदाचाराचा नसून अग्निहोत्राचा आहे.

उपनिषदांत हा विचार यज्ञापासून सुटून आचरणाशी जोडला गेला. मृत्यूनंतर माणसाचे काय होते, असे आर्तभागाने जनकाच्या सभेत विचारले, तेव्हा याज्ञवल्क्याने त्याचा हात धरून त्याला बाजूला नेले. एकांतात त्यांनी जी चर्चा केली ती कर्माविषयी होती, असे बृहदारण्यकोपनिषद नोंदवते. पुढे घरोघरी बोलला जाणारा हा विचार आरंभी चारचौघांत सांगण्याजोगा मानला जात नव्हता, हे लक्षणीय आहे. छांदोग्योपनिषदात पांचालराजा प्रवाहण जैवली ही विद्या उद्दालक आरुणीला देताना ती पूर्वी ब्राह्मणांकडे गेली नव्हती, असे म्हणतो. त्यावरून ती क्षत्रियांनीच निर्माण केली असा तर्क काहींनी केला. तथापि एका वाक्यावर एवढा डोलारा उभारणे योग्य नव्हे. त्याच प्रकरणातील दुसरे विधान अधिक दूरगामी ठरले : चांगल्या आचरणाने ब्राह्मण, क्षत्रिय वा वैश्य योनी मिळते, वाईट आचरणाने कुत्रा, डुक्कर वा चांडाळ योनी. येथे समाजातील उतरंड नैतिक हिशेबाचे रूप घेते.

श्रमणपरंपरांत मतभेद तीव्र होते. आजीवकांचा प्रमुख मक्खली गोसाल याने नियतीपुढे कर्म निष्फळ ठरविले. जैनांनी कर्म हे जीवाला चिकटणारे सूक्ष्म पुद्गल मानून त्याच्या आठ मूळ प्रकृती सांगितल्या. बुद्धाने चेतनेला, म्हणजे संकल्पाला, कर्म म्हटले. सुखदुःखाचा प्रत्येक अनुभव पूर्वकर्मामुळेच येतो काय, या मोळियसीवक परिव्राजकाच्या प्रश्नाला संयुत्तनिकायात मिळणारे उत्तर मार्मिक आहे. पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम आचरण व आघात ही सात कारणे सांगून कर्मविपाक हे केवळ आठवे कारण मानले आहे. चरकसंहितेचा दृष्टिकोनही याला जवळचा आहे. आयुष्य सर्वस्वी ठरलेलेच असते, तर औषधांना अर्थच उरला नसता, असे तेथे प्रतिपादले आहे. वैद्याला दुसरी भूमिका परवडणारी नव्हती.

दर्शनांनी फळ देणारी यंत्रणा शोधली. मीमांसकांनी ‘अपूर्व’ मानले, नैयायिकांनी ‘अदृष्ट’ व त्यावर ईश्वराचे नियंत्रण मानले. ब्रह्मसूत्रांत जगातील विषमतेबद्दल ईश्वरावर येणारा पक्षपाताचा व क्रौर्याचा आरोप कर्माच्या आधारे फेटाळला आहे. शंकराचार्यांनी ईश्वराला पावसाची उपमा दिली : पाऊस सर्वत्र सारखाच पडतो, पीक बीजाप्रमाणे येते. यामुळे ईश्वर दोषमुक्त झाला. दोष माणसाकडे राहिला.

व्यवहारात हा नियम एवढा कठोर कधीच नव्हता. प्रायश्चित्त, श्राद्ध व पुण्यार्पण यांनी त्याला वाटा ठेवल्या. नासिकच्या पांडवलेण्यांतील एक लेणे इंद्राग्निदत्त या यवनाने आपल्या आईवडिलांप्रीत्यर्थ कोरविल्याचा शिलालेख आहे. एकाचे पुण्य दुसऱ्याला पोचते, ही श्रद्धा त्यामागे दिसते.

आधुनिक काळात लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य यांवर स्वतंत्र प्रकरण लिहून सिद्धांताचा दैववादी अर्थ नाकारला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये झालेला भूकंप अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा होय, असे म. गांधींनी म्हटले. सामूहिक पापाची ही कल्पना जन्मजन्मांतरीच्या वैयक्तिक कर्माहून वेगळी आहे. भौतिक आपत्तींची कारणेही भौतिकच असतात, असा आक्षेप रवींद्रनाथ टागोरांनी घेतला. गांधींनी तो ‘हरिजन’ पत्रात छापला. सर्वांत मूलगामी टीका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची होय. बुद्ध अँड हिज धम्म या त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी कर्म हा नैतिक व्यवस्थेचा नियम म्हणून स्वीकारला. परंतु गतजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य ठरते हे मत बुद्धाचे असू शकत नाही, असे प्रतिपादले. त्या मताचा उपयोग गरिबांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने वा समाजाने टाळण्याखेरीज दुसरा कोणता असू शकेल, हा त्यांचा प्रश्न होता.