सीएनसीवर काम करताय? इन्सर्टचं कोटिंग बदललं की प्रोग्रॅममधला वेगही बदला

आपल्या भागातली बरीच पोरं आयटीआय करून एमआयडीसीत सीएनसी, व्हीएमसीवर लागतात. माझा पुतण्याही लागला. पहिल्याच महिन्यात त्याच्यावर ठपका आला. बिडाचा जॉब चालू होता. स्टोअरमधून नेहमीच्या काळ्या इन्सर्टऐवजी बिनकोटिंगचे राखाडी इन्सर्ट आले. आकार तोच, म्हणून त्यानं बसवले आणि जुनाच प्रोग्रॅम चालवला. दहा जॉब व्हायच्या आत धार जळाली, माप गेलं. घरी येऊन म्हणाला, "काका, माझं काय चुकलं?" त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, ते इथं देतोय.

कोटिंग म्हणजे काय?

कार्बाइड किंवा एचएसएसच्या टूलवर दिलेला अतिशय पातळ, कठीण थर म्हणजे कोटिंग. जाडी साधारण २ ते २० मायक्रॉन. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन, यावरून अंदाज घ्या. हा थर घर्षण कमी करतो, झीज थोपवतो आणि कापताना होणारी उष्णता टूलच्या आत शिरू देत नाही. वेग वाढला की उष्णता वाढते आणि उष्णतेनंच धार मरते. म्हणून कोटिंग असलेलं टूल जास्त वेग सोसतं.

कोणतं कोटिंग कशाला?

• टायटॅनियम नायट्राइड (सोनेरी): साध्या कामाला, एचएसएस ड्रिलवर नेहमी दिसतं.
• टायटॅनियम अॅल्युमिनियम नायट्राइड (जांभळट काळं): जास्त उष्णता सोसतं. स्टीलच्या मिलिंगला, कोरड्या कटिंगला चांगलं.
• अॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर (बहुधा काळा): स्टील आणि बीड वेगानं टर्निंग करायला.
• अॅल्युमिनियमच्या जॉबला: बिनकोटिंगचं, चकचकीत पॉलिश केलेलं टूल. वरचं जांभळट काळं कोटिंग इथं नको. त्यात अॅल्युमिनियम असल्यानं जॉबचा धातू धारेला चिकटतो.

रंगावर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. नुसता सोनेरी दिसणारा स्वस्त ड्रिल कोटिंगचाच असेल असं नाही. पेटीवरचं अक्षर बघा: पी (निळा) म्हणजे स्टील, एम (पिवळा) स्टेनलेस, के (लाल) बीड, एन (हिरवा) अॅल्युमिनियम, तांबं, पितळ. बहुतेक पेट्यांवर वेग, फीड आणि कटची खोली छापलेली असते. तोच आकडा खरा.

हिशोब कसा करायचा?

आरपीएम = (वेग × १०००) ÷ (३.१४ × व्यास)

वेग मीटर प्रति मिनिटमध्ये, व्यास मिलिमीटरमध्ये. समजा जॉब ५० मिलिमीटरचा आहे. बिनकोटिंगच्या इन्सर्टला वेग ८० धरला तर आरपीएम सुमारे ५१०. कोटिंगच्या इन्सर्टला २०० धरला तर सुमारे १२७४. फरक अडीच पटीचा. पुतण्याच्या प्रोग्रॅममध्ये हाच २०० चा आकडा राहून गेला होता.

लेथच्या प्रोग्रॅममध्ये काय बदलायचं?

फॅनुक कंट्रोलवर जी ९६ एस २०० असं लिहिलं असेल तर तो २०० म्हणजे कटिंगचा वेग. इन्सर्ट बदलला की आधी हा आकडा बघा. जी ९७ असेल तर एसपुढचा आकडा थेट आरपीएम असतो.

जी ९६ वापरताना जी ५० नं आरपीएमची मर्यादा टाकलीच पाहिजे. फेसिंग करताना टूल मध्याकडे जातं, व्यास कमी होतो आणि मशीन आरपीएम वाढवत राहतं. २०० च्या वेगाला १० मिलिमीटर व्यासावर ते ६३०० च्या पुढं जातं. जास्त आरपीएमला चकच्या जॉची पकड सैल होते आणि जॉब उडू शकतो. इथं इन्सर्टचा नाही, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

व्हीएमसी आणि कॅम सॉफ्टवेअर

मिलिंगला फीड मिलिमीटर प्रति मिनिट असतं, त्यामुळं एस वाढवला की एफही वाढवावा लागतो.

फीड = एका दाताचं फीड × दात × आरपीएम

१० मिलिमीटरचा चार दातांचा एन्डमिल घ्या, एका दाताचं फीड ०.०५. वेग ४० ला आरपीएम १२७४, फीड २५५. कोटिंगमुळं वेग १०० केला तर आरपीएम ३१८५, फीड ६३७. फीड २५५ वरच ठेवलं तर एका दाताला ०.०२ च मिळतं. मग टूल कापत नाही, घासतं, आणि महागाचं कोटिंग वाया जातं.

कॅममध्ये टूल लायब्ररीत प्रत्येक कोटिंगचं टूल वेगळ्या नावानं सेव्ह करा. वेग आणि एका दाताचं फीड तिथंच भरा आणि प्रोग्रॅम नव्यानं काढा. सॉफ्टवेअरला टूलवर कोणता थर आहे ते दिसत नाही. तुम्ही भरलेला आकडाच ते खरा धरतं.

शेवटी एवढं ध्यानात ठेवा

छापलेल्या वेगाच्या खालच्या टोकापासून सुरुवात करा. मशीन जुनं असेल, जॉब लांब किंवा पकड कच्ची असेल तर तिथंच थांबा. धार लावलेल्या ड्रिलचं टोकाकडचं कोटिंग घासून गेलेलं असतं, त्याला नव्याचा वेग देऊ नका. आणि स्टोअरमधून वेगळी पेटी आली तर बसवायच्या आधी सेटरला किंवा सुपरवायझरला दाखवा, शिफ्टच्या वहीत नोंद करा. विचारण्यात कमीपणा नाही. नोंद असली की उगाच ठपका येत नाही.