काम्यूचा अपघात आणि एक रोजनिशी

४ जानेवारी १९६० रोजी मिशेल गालिमार यांची मोटार व्हिल्ब्लव्हँजवळ झाडावर आदळली आणि आल्बेर काम्यू जागीच ठार झाला. नोंद अपघाताची झाली. २०११ मध्ये इटालियन लेखक जोव्हान्नी कातेल्ली यांनी सोव्हिएत घातपाताचा संशय मांडला. हंगेरीवरील दडपशाहीचा काम्यूने केलेला निषेध हे त्यामागचे कारण. मुख्य आधार मात्र चेक कवी-अनुवादक यान झाब्राना यांच्या रोजनिशीतील एक ऐकीव नोंद! काम्यूच्या खिशात रेल्वेचे न वापरलेले तिकीट सापडले होते; मग तो मोटारीने जाणार हे कटवाल्यांना कसे कळले? झाब्रानांच्या आईवडिलांना कम्युनिस्ट राजवटीने तुरुंगात डांबले होते. त्यांची नोंद मला प्रागमधल्या भयाचा दस्तऐवज वाटते, व्हिल्ब्लव्हँच्या रस्त्याचा नव्हे.