हिंगण्याची झोपडी ते महिला विद्यापीठ

कोथरूडच्या कर्वे पुतळ्यावरून रोज असंख्य विद्यार्थी-विद्यार्थिनी महाविद्यालयांकडे जातात. उच्च शिक्षणावाचून राष्ट्राचा विकास नाही, हे आज सर्वमान्य आहे. त्या शिक्षणात स्त्रियांचा वाटा असावा, हे मात्र शंभर वर्षांपूर्वी पटवून द्यावे लागे. हे काम ज्यांनी केले, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२) यांचे कार्य याच परिसरात उभे राहिले.

फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये तो हिंगणे येथे, म्हणजेच आजच्या कर्वेनगरात, एका झोपडीत हलविण्यात आला. पुढे टोकियोतील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली. १९१५ मध्ये मुंबईतील सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतात असे विद्यापीठ स्थापण्याची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच!

शिक्षणाचे माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा विषय म्हणून आवश्यक आणि गृहशास्त्र व आरोग्य यांचा अभ्यासक्रमात समावेश, ही विद्यापीठाची वैशिष्ट्ये. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम कशाला, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. त्याहून बिकट प्रश्न मान्यतेचा होता. येथील पदवीला सरकारमान्यता नव्हती. तरीही मुली शिकत राहिल्या. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईत गेले. वैधानिक दर्जा मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडावे लागले.

जपानकडून घेतलेली कल्पना कर्वे यांनी पुन्हा जगापुढे नेली. सत्तरी ओलांडल्यावर, १९२९ ते १९३२ या काळात, त्यांनी युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेचा प्रवास करून विद्यापीठाची माहिती दिली व निधी जमविला. १९५८ मध्ये ते 'भारतरत्न' झाले.

त्यांच्या संस्थेने १९९१ मध्ये कर्वेनगरातच मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीनुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. पाचांपासून कोटींपर्यंतच्या या वाटचालीत हिंगण्याच्या झोपडीचा वाटा मोठा आहे. शिकलेल्या या मुलींना कामाची संधी किती मिळते, यावर आता पुढील विकास अवलंबून आहे.