लोहावरील पहारा

कळंबा हें कोल्हापूरच्या दक्षिणेस, तलावाकाठीं वसलेलें गांव. हा सारा मुलूख उसाचा आणि गुळाचा. गुळानें रक्त वाढतें, हा समजहि येथें घरोघरीं रूढ आहे. गुळांत थोडेंबहुत लोह असतें हें खरें; परंतु पोटांत गेलेलें सारें लोह रक्तांत उतरत नाहीं. असें कां, हें उलगडावयास शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

लोहावांचून जीवन नाहीं. रक्त प्राणवायु वाहून नेतें तें त्याच्याच बळावर. पण विळ्यावर गंज चढविणारी लोह व प्राणवायु यांची ही सोयरीक पेशीलाहि घातक होऊं शकते. १८९४ सालीं हेन्री फेंटन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें, लोहाचा लेश असतां हायड्रोजन पेरॉक्साइड टार्टारिक आम्लाचें झपाट्यानें ऑक्सिडीकरण करतें, असें दाखविलें. हेंच पेरॉक्साइड पेशींच्या श्वसनांतहि निर्माण होतें. म्हणजे पेशींतील मोकळें लोह हा चुलीबाहेर पडलेला निखाराच होय.

१९३७ सालीं दोन शोध पुढें आले. लाउफबर्गर यांनीं घोड्याच्या प्लीहेंतून फेरिटिन हें प्रथिन वेगळें केलें. त्याच्या एका पोकळ गोळ्यांत लोहाचे ४,५०० पर्यंत अणु निरुपद्रवी होऊन राहतात. मॅककान्स व विडोसन यांनीं, शरीरास जादा लोह बाहेर टाकतां येत नाहीं, म्हणून सारें नियमन तें आंत घेतांनाच होतें, असें प्रतिपादिलें. पुढें १९८७-८८ च्या सुमारास पेशीचा हिशेब कळला: लोह घटलें कीं कांहीं प्रथिनें फेरिटिनचें उत्पादन रोखतात आणि लोह आंत घेणारीं द्वारें वाढवितात. २००१ च्या सुमारास यकृतांतील हेप्सिडिनचें कार्य उमगलें. शरीरांतील ३-४ ग्रॅम लोहांत रोज अवघी १-२ मिलिग्रॅम भर पडते, ती याच्या पहाऱ्यामुळें. दीर्घ जंतुसंसर्गांत हा पहारा कडक होतो. मग लोहाच्या गोळ्याहि फारशा लागू पडत नाहींत.

शिवाय प्रत्येक रक्तक्षय म्हणजे लोहाचीच उणीव नव्हे. १९२८ पासून मुंबईंत लूसी विल्स यांनीं गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला; तो यीस्टच्या अर्कानें हटला, आणि त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलिक आम्ल ठरलें. म्हणून घरांतील स्त्री फिकी दिसूं लागली, तर नुसता गूळ देऊन स्वस्थ न बसतां, रक्त तपासून मूळ कारण शोधणें, हेंच तिच्या हिताचें होय.